सोन्याच्या गालावरची तीट

एप्रिल आला. उत्तर इंग्लंडमधल्या त्या गिरण्यांच्या जुन्या शहरावर ऊन आलं. आलं ते नव्या सुनेसारखं, उंबऱ्याशी थबकत, ढगाचा पदर सारखा करत, कुणी रागावणार तर नाही ना याचा अदमास घेत. आधी ते चर्चच्या उंच कळसावर टेकलं, मग फुलवाल्या बाईच्या पिवळ्याधमक डॅफोडिल्सवर उतरलं, आणि आपल्याला कुणीच हाकलत नाही असं पाहून मग चौक ओलांडून सरळ बँकेच्या पायऱ्या चढलं.

बँक आता नुसती म्हणायची बँक. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात, धुरांड्यांच्या आणि घोडागाड्यांच्या काळात, या शहरातल्या शेटजींनी ती बांधली. आणि बांधली ती देवळाच्या थाटात. मधुवर्ण पाषाणाच्या भिंती, रक्तवर्ण ग्रॅनाइटचे आरस्पानी स्तंभ, स्तंभांच्या माथ्यावर पानाफुलांची दगडी वेलबुट्टी, आणि महाद्वारावर एक दाढीवाला, जाडजूड, किंचित रुष्ट दगडी जलदेव. दीडशे वर्षं गिरण्यांचा धूर खाऊन ती काळीठिक्कर पडली होती. आता न्हाऊमाखू घातल्यावर तिचा मूळचा रंग वर आला, तेव्हा जन्मभर त्याच चौकातून गेलेली म्हातारी माणसं थांबून विचारू लागली, ही इमारत इथे कधी बांधली?

आत शिरावं तर पायाखाली रंगीत खड्यांची नक्षी, आणि नक्षीच्या मधोमध मधमाश्यांचं पोळं. काटकसर कशी करावी हे ग्राहकांना जाता-येता दिसावं म्हणून शेटजींनी ते काढून घेतलं होतं. स्वतः मात्र त्यांनी काटकसरीचा लवलेश ठेवला नव्हता. मान वर करावी तर काचेचा विशाल, निळसर, प्रकाशगर्भ घुमट. आणि घुमटाच्या गोल कडेनं, पंख पसरून बसलेली, प्लास्टरची, गुटगुटीत अशी बारा बाळं.

बारा बाळं, बारा खेळणी. कुणाच्या हातात गलबत, कुणाच्या हातात गव्हाची पेंढी, कुणाच्या हातात दातेरी चाक, कुणाच्या मांडीवर लोकरीचा पुंजका. एकाच्या मुठीत कापसाचं बोंड होतं. ते कुठल्या मुलखातल्या कापसाचं, असं तेव्हा कुणी विचारलं नसावं. आणि बाळाला तरी बिचाऱ्याला काय ठाऊक असणार!

पुढे काळ फिरला. बँक उठून गेली, तिथे गालिच्यांचं दुकान आलं. दुकान उठलं, कुलूप आलं. कुलपाला न जुमानता पारवे आले. बाळांचं सोनं पापुद्र्या-पापुद्र्यांनी गळून गेलं. अखेर शहरालाच लाज वाटली. इथे आता ग्रंथालय होणार होतं, महिन्याअखेर दारं उघडणार होती, आणि बाळांना पुन्हा सोन्यानं मढवण्याचं काम आलं होतं सावंतवाडीच्या श्यामल चितारीकडे.

श्यामल चौतीस वर्षांची. सावंतवाडीला तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लाकडी खेळण्यांवर लाखेचे रंग चढत आले. त्या घरातून निघून ती इथवर आली, सोनेरी मुलाम्याचं काम शिकली, दुसऱ्यांच्या हाताखाली सात वर्षं राबली. हे काम मात्र तिचं होतं. अकरा महिने ती छताखालच्या लोखंडी परांचीवर उताणी, तिरकी, गुडघ्यावर, कोपरावर अशी जगली होती.

सोन्याचा वर्ख म्हणजे मोठा मानी ऐवज. उसासा टाकला तरी रुसून उडून जाणारा. बाळाच्या अंगावर आधी पिवळा रंग, त्यावर चिकट तेलाचा पातळ हात. मग वाट पाहायची. तेल फार ओलं असेल तर सोनं बुडतं, फार सुकलं असेल तर सोनं धरत नाही. बोटाचं पेर उलटं टेकवून, त्याचा बारीक चिकट आवाज ऐकून, ती घटका ओळखायची. मग खारीच्या केसांचा रुंद ब्रश स्वतःच्या गालावरून एकदा फिरवायचा, गालाचा तेवढा तेलकटपणा ब्रशाला पुरतो, आणि त्या ब्रशानं वर्खाचं पान उचलून, श्वास रोखून, बाळाच्या गालावर अलगद ठेवून द्यायचं. अकरा महिने बारा बाळांचे गाल असे तिच्या गालाच्या उबेनं सोन्याचे झाले. तिला ती आता नावानं ठाऊक होती, आणि त्यातलं शेवटचं, महाद्वाराकडे तोंड करून बसलेलं, ओठ मुडपून हसणारं कापूसवालं बाळ तिचं विशेष लाडकं होतं. आई व्हायचं राहून गेलेल्या बाईचं लाडकं असतं, तसं लाडकं.

पण काम झालं म्हणून संपलं थोडंच? शुक्रवारी बारा वाजता वारसा खात्याच्या मिस हॉलरॉइड तपासणीला येणार होत्या. त्यांनी होकार दिला तर परांची उतरणार आणि नोंदवहीत प्रमुख कारागीर म्हणून श्यामलचं नाव चढणार, आयुष्यात पहिल्यांदा. नकार दिला तर छत लंडनच्या एका कंपनीच्या हाती जाणार, आणि श्यामल पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली. हॉलरॉइडबाई म्हणजे एक उंच, करडी, ट्वीडच्या कोटात घडी घालून ठेवलेली मूर्ती. त्यांचा नियम एकच. जे मूळचं तेच राहील. नवं काहीही जोडायचं नाही, एक ठिपकासुद्धा नाही.

त्या ठिपक्याचीच ही गोष्ट.

तिथल्या कारागिरांची एक रीत आहे. परांची उतरवण्याच्या आदल्या घटकेला ज्यानं-त्यानं आपल्या घरच्या माणसाला वर आणायचं, काम जवळून दाखवायचं. एकदा परांची गेली की ते काम पुन्हा हाताच्या अंतरावर यायला तीन पिढ्या लागतात. गवंड्याची बायको आली, काचवाल्याचे आईवडील आले. आणि पाळण्यासारख्या डुलणाऱ्या लिफ्टमधून, एका हातानं दांडा आणि दुसऱ्या हातानं निऱ्या घट्ट धरून, आली श्यामलची सगुणाआत्या.

आत्या एकाहत्तर वर्षांची, महिन्याभरासाठी पाहुणी म्हणून आलेली. आईविना वाढलेल्या श्यामलच्या हातात पहिला कुंचला तिनंच दिला होता. आत्यानं जन्मभर लाकडी बाहुल्या रंगवल्या, हजारो रंगवल्या, आणि एकीवरही कधी तिचं नाव लागलं नाही. मुकादम डेरेकनं तिच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवलं, "सावकाश हं, लव्ह," म्हणाला. आत्याला शब्द कळला नाही, सूर कळला.

"ह्या टोपल्याखाली माझो अंबाडो चेपलो गो," ती श्यामलला म्हणाली. आणि मग तिनं मान वर केली.

मान वर केली आणि अंबाडा विसरली, हेल्मेट विसरली, साठ फुटांची उंची विसरली. घुमटातून ऊन धो-धो खाली येत होतं; पिवळं ऊन पिवळ्या सोन्यावर पडत होतं, सोन्यावरून उसळत होतं, फळ्यांवर, भिंतींवर, म्हातारीच्या सुरकुतल्या हातांवर सांडत होतं. बाळामागून बाळ, गलबतामागून पेंढी, पेंढीमागून चाक; आत्या फळीवरून जणू बारशाच्या घरात फिरत होती. शेवटच्या बाळाशी येऊन ती उभी राहिली, आणि तिला पुढे जाववेना.

"अगो बाय माझ्ये! ह्या सगळा तू केलंस?"

श्यामलनं मान डोलावली. तेवढ्यात पलीकडून डेरेकनं हाक मारली, एका फळीचा खिळा तपासायचा होता. ती गेली. गेली ती पुरती दोन मिनिटं.

दोन मिनिटं चितारणीला पुष्कळ होतात.

श्यामल परत आली तेव्हा आत्या बटव्यात चांदीची डबी बंद करून ठेवत होती. चेहऱ्यावर काम उरकल्याचं समाधान. आणि बाळाच्या सोनसळी, नितळ, कालच मढवलेल्या डाव्या गालावर, हनुवटीच्या किंचित वर, एक गोल, गडद, झोकदार काळी तीट.

श्यामलच्या पायाखालची फळी हलली. फळी हलली नव्हती, पण तिला तसं वाटलं.

"आत्ये! काय केलंस गो ह्या?"

"काय केलंय म्हणजे? काम संपला ना तुझा? मगे तीट नको?" आत्या खरोखरच चकित झाली. "आपल्या घरातसून बिनतीटीची बाहुली कधी भायर पडली काय?"

नव्हती पडली. हेच तर. सावंतवाडीच्या त्या घरात बाहुलीचे डोळे झाले, ओठ झाले, परकराचा काठ झाला, तरी ती अपुरी असायची. शेवटी काजळाचं बोट तिच्या गालाला लागलं की मगच ती पुरी व्हायची आणि बाजारात निघायची. आत्याच्या हाताला दुसरा शेवट माहीतच नव्हता. तिच्या दृष्टीनं भाचीनं अकरा महिने खपून एक देखणं काम केलं होतं आणि अखेरचं बोट तेवढं विसरली होती. म्हाताऱ्या माणसानं ते सांभाळून घेतलं, एवढंच.

श्यामलनं तिला हॉलरॉइडबाई सांगितल्या, नियम सांगितला, लंडनची कंपनी सांगितली. बोलता बोलता तिचा आवाज चढला. आत्याचा चेहरा हेल्मेटखाली हळूहळू लहान होत गेला.

"माका काय ठावक, बाय! पूस मगे. माका राग येवचो नाय," ती म्हणाली, आणि पुन्हा त्या पाळण्यात बसून खाली गेली, या वेळी निऱ्या न धरता.

पूस म्हणणं सोपं. पण खालचं तेल अजून ओलं होतं. तीट पुसली असती तर तिच्याबरोबर गालाचं सोनंही निघून आलं असतं, आणि नवा हात द्यायचा तर उद्याशिवाय सुकणार नव्हता. बारा वाजायला वीस मिनिटं होती.

एक वाट होती, आणि ती श्यामलला लगेच दिसली. कसबी माणसाला लबाडीची वाट लगेच दिसते. काजळ एरंडेलाचं, म्हणजे तेलकट. तेलकटावर वर्ख छान बसतो. नखाएवढा तुकडा वर ठेवून दिला की तीट सोन्याखाली गडप. भिंग लावलं तरी कळायचं नाही. तिनं ब्रश घेतला. गालावरून फिरवला. नखाएवढं सोनं उचललं. ते ब्रशाच्या टोकावर थरथरत राहिलं, आणि तिच्या उजव्या कानाच्या मागे एकाएकी काहीतरी गार लागलं.

काही लागलं नव्हतं. लागलं होतं ते नऊ वर्षांपूर्वी, गोव्याच्या विमानतळावर, हजार परक्या लोकांच्या देखत. आत्यानं तिची मान खाली ओढून, कानामागे काजळाचं बोट टेकवलं होतं आणि म्हणाली होती, आता खुशाल जा. आणि श्यामल आत गेली होती, बायकांच्या स्वच्छतागृहात आरशासमोर उभी राहिली होती, आणि कागदी रुमाल ओला करून, कुणी बघत नाही ना ते पाहून, तिनं ती तीट घासून घासून पुसली होती. का, तर लाज वाटली म्हणून. ती पुसलेली तीट तिनं नऊ वर्षांत कुणालाच सांगितली नव्हती. परक्या देशातल्या पहिल्या हिवाळ्यात, आजारी पडून एकटीच खोलीत पडली असताना, तिला पहिली आठवण आली होती ती त्या ओल्या काळ्या कागदाची.

तिनं खाली पाहिलं. साठ फूट खाली, मधमाश्यांच्या पोळ्याच्या कडेला, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून, आत्या बसली होती. वर बघत नव्हती.

श्यामलनं रोखलेला श्वास सोडून दिला. वर्ख उडाला. गिरक्या घेत, झगमगत, लाडालाडानं घुमटाच्या उन्हात निघून गेला. तिनं ब्रश खिशात ठेवला आणि केस नीट केले.

हॉलरॉइडबाई ठीक बारा वाजता आल्या. एक बाळ पाहिलं, दुसरं पाहिलं. भिंग काढलं, भिंग ठेवलं. तीस वर्षांत त्यांच्या तोंडून 'चालेल' याच्या पलीकडे कौतुक कुणी ऐकलं नव्हतं, आणि आज तर 'चालेल'सुद्धा ऐकू येईना. अकरा बाळं झाली. बाराव्यापाशी त्या थांबल्या. भिंग डोळ्याशी नेलं. बराच वेळ खाली आणलं नाही.

"हे काय आहे?"

"काजळ," श्यामल म्हणाली. "माझ्या आत्यानं लावलंय. मघाशीच." मग, आता सांगायचंच तर पुरतं सांगावं म्हणून, ती बोलत सुटली. आमच्याकडे बाळ फार गोजिरं असलं की लोकांची दृष्ट लागेल अशी भीती वाटते, म्हणून त्याच्या गालावर काळं बोट लावतात. आमच्या घरात बाहुल्यांनाही लावतात. त्याशिवाय काम पुरं झालं असं आम्ही मानत नाही. "मला हे झाकता आलं असतं. तुम्हाला कळलं नसतं. मी झाकलं नाही."

डेरेक हातातल्या पान्याकडे अतिशय लक्षपूर्वक बघू लागला.

"निघेल का हे?" हॉलरॉइडबाईंनी विचारलं.

"तेल पुरतं वाळलं की निघेल. तीन आठवड्यांनी. कापसाच्या बोळ्यानं."

"पण तोवर परांची गेलेली असेल. पुढची परांची लागायला ऐंशी वर्षं."

"हो."

"म्हणजे ऐंशी वर्षांत कधीही निघू शकेल," बाई म्हणाल्या. स्वर तोच, करडा. "मग ते नोंदवता येतं. नियमाला तसं पोटकलम आहे. आजवर कुणी खरं बोलून ते वापरलं नाही, एवढंच." आणि त्यांनी नोंदवही उघडली, पेनाचं टोपण काढलं, आणि खात्याच्या रिवाजाप्रमाणे रकान्यामागून रकाना भरायला घेतला.

ठिकाण? बारावं बाळ, डावा गाल. आकार? वाटाण्याच्या निम्मा. पदार्थ? काजळ, एरंडेलाचं, घरी धरलेलं. कुणी केलं? श्यामलनं नाव सांगितलं आणि अक्षर-अक्षर फोड करून दिली. हजारो बाहुल्या ज्या नावाविना जगात निघून गेल्या, त्या हाताचं नाव त्या दिवशी साठ फूट उंचीवर, परक्या लिपीत, कामापुढे पहिल्यांदा कागदावर उतरलं: सगुणा चितारी, कारागीर, सावंतवाडी.

मग आला शेवटचा रकाना. कारण.

हॉलरॉइडबाईंनी पेन टेकवलं. उचललं. पुन्हा एकवार बाळाकडे पाहिलं, भिंगाशिवाय. त्या मुडप्या हसऱ्या ओठांकडे, त्या उन्हात न्हालेल्या गालाकडे, त्या एवढ्याशा काळ्या बोटाकडे. खोटं लिहिण्याची त्यांना सवय नव्हती. मन लावून त्यांनी तीन शब्द लिहिले, तारीख घातली, सही केली, प्रमुख कारागीर म्हणून श्यामल चितारी हे नाव लिहिलं, वही तिच्या हाती दिली, आणि लिफ्टकडे चालू लागल्या.

श्यामलनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग ती लिफ्टची वाट न पाहता शिडीनंच धावत खाली निघाली, साठ फूट, एका दमात.

"काय लिवल्यान त्या बायेन?" आत्या खुर्चीतून अर्धवट उठली. तोंड सुकलेलं. "ओरडली तुका?"

"कारण लिवल्यान, आत्ये. तीट कित्याक लायली, ता लिवल्यान." श्यामल हसत होती आणि डोळे वाहत होते. "लिवल्यान, फारच सुंदर असा."

आत्यानं क्षणभर ते मनात घोळवलं. मग हेल्मेटखाली लहान झालेला तिचा चेहरा पुन्हा होता तेवढा मोठा झाला.

"मगे! ह्या सांगूक तिका इतको वेळ लागलो?"

वरती डेरेकनं शीळ घातली. पहिला नट फिरला, पहिली फळी सुटली, आणि फळीफळीनं, थराथरानं, घुमट मोकळा होऊ लागला. ऊन खाली आलं. लाकडी टेबलांवर आलं, पुस्तकांच्या रिकाम्या कपाटांवर आलं, मधमाश्यांच्या पोळ्यावर आलं. सगळी माना वर करून बघत होती. एकटी आत्या वर बघत नव्हती. ती श्यामलकडे बघत होती; रंगानं माखलेल्या, सोन्याच्या कणांनी चमचमणाऱ्या, रडून ओल्या झालेल्या तोंडाकडे. तिनं दोन्ही हात उचलले, भाचीच्या गालांवरून कानशिलांपर्यंत फिरवले, स्वतःच्या कानशिलांवर नेले. हजार परके लोक असते तरी या वेळी श्यामलनं मान मागे घेतली नसती. ती आणखी थोडी वाकली.

आणि आत्यानं बोटं मोडली. कडकड, कडकड, दहाच्या दहा. तो आवाज स्तंभास्तंभावरून चढत गेला, कमानीकमानीतून फिरत गेला, बारा सोनेरी बाळांच्या कानांना लागून, घुमटाच्या काचेला टेकून, मंद होत, मऊ होत, उन्हाबरोबर खाली आला.